अप्पांचं विमान, काकूंचं भेव

आभाळात इंजिनाचा आवाज आला की आमच्या गल्लीत दोन बायकांचे हात थांबायचे. एक मन्मथअप्पांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, आणि दुसरे माझे. बाकीची गल्ली खुशाल मान वर करून म्हणायची, "अप्पा चालले बगा!" आम्ही दोघी मान वर करत नव्हतो. काकू भेवामुळं, आणि मी काकूंच्या तोंडाकडं बघत असायची म्हणून. अप्पा जाऊन आता दोन पावसाळे झाले. साध्या तापाचं निमित्त झालं आणि घरात, अंथरुणावर गेले. तरी अजून वरून काही गुरगुरत गेलं की माझं भाजी निवडायचं थांबतं. मेली सवय जात नाही.

मी निवृत्त शिक्षिका. मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. लातूरला माझी आणि अप्पांची भिंत एकच, त्यामुळं त्यांच्या घरातलं खोकलणंसुद्धा मला ऐकू यायचं. काकू माझ्याहून लहान, पण अख्खी गल्ली काकू म्हणते म्हणून मीही म्हणते.

अप्पा डाळमिलवाले. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि भुवयांवर कायम तुरीची पिवळी धूळ. आवाज असा की मिलची यंत्रं चालू असतानासुद्धा हमालाला नावानं हाक मारली तर ती पोचायची. बोलणं तोडून तोडून. "हाव." "न्हाई." "बगू." एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी अर्धा धंदा केला असेल. पण विमानाचा विषय निघाला की हा माणूस सुटायचा. मग जेवण थंड होवो नाहीतर दारात गिऱ्हाईक ताटकळो.

त्याचं मूळ लोह्याकडं, त्यांच्या मामाच्या गावी. लहानपणी तिथं कापसावर औषध फवारायला विमान आलं होतं म्हणे. अप्पा त्याच्या मागं वावरातून पळत सुटले आणि ते सगळं औषध अंगावर घेऊन घरी आले. आईनं चुलीपुढचं लाकूड घेऊन बडवलं. "त्या दिशीच ठरलं बगा बाई," अप्पा मला सांगायचे. "मार इसरलो. वास न्हाई इसरलो." पन्नाशीला आल्यावर हैदराबादच्या बाजूला जाऊन ते विमान चालवायला शिकले. डोक्याला तेल लावून, चष्मा पुसून, इंग्रजी परीक्षा दिली. नापास झाले, परत दिली. आणि मग एक जुनं, चार सीटांचं, एका इंजिनाचं विमान घेऊन आले. विमानतळाच्या कडेला त्यासाठी एक शेड भाड्यानं घेतली.

अख्ख्या लातूरचा एकच प्रश्न, "अप्पा, कितीला पडलं?" लग्नाच्या पंगतीत, आडतीवर, गंजगोलाईच्या बाजारपेठेत, न्हाव्याच्या दुकानात, जिथं भेटेल तिथं. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "घेताना न्हाई वो पडलं. घेतल्यावर पडून राहिलंय." आणि मग सांगायचे. शेडचं भाडं आहे, विमा आहे, दरसालची तपासणी आहे, हैदराबादहून येणारा मिस्त्री आहे, पिंपातून येणारं पेट्रोल आहे. उडा नाहीतर उडू नका, हे सगळं चालूच. "भाकड म्हशीला वैरण टाकावीच लागती का न्हाई? तसंच हाय." लोक हसायचे, अप्पाही हसायचे. पण ही झाली अप्पांनी भरायची किंमत. खरी किंमत काकू भरत होत्या, आणि ती त्यांना कुणी विचारलीसुद्धा नव्हती.

एक गोष्ट मात्र मला आवडायची. विमानात चढताना अप्पा चपला खाली काढून ठेवायचे. देवळात जाताना काढतात तशा, जोडीनं, नीट. मी विचारलं तर म्हणाले, "खाली पायडल असतंय बाई. पायाला कळाया पायजे, ते काय म्हणलालंय." त्यामुळं अप्पा उडाले की शेडच्या दारात त्यांच्या चपला राहायच्या. ते परत येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा काकूंचा दंडक होता.

काकूंचं माहेर किल्लारीचं. तिथल्या भूकंपात त्यांचं सगळं घर गेलं. आई, वडील आणि धाकटा भाऊ. काकूंना दाराच्या चौकटीखालून जिवंत काढलं. अप्पा तेव्हा तरणे होते. वडिलांच्या मिलमधून डाळीचा ट्रक घेऊन तिकडं गेले होते, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये ही मुलगी त्यांनी पाहिली, आणि पुढच्या वर्षी तिच्याशीच लग्न केलं. हे सगळ्यांना माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते काकूंनी एकदा पापड लाटताना मला सांगितलं, खाली मान घालून. भूकंपाच्या आदल्या रात्री गणपती बुडवून भाऊ उशिरा घरी आला. अंगणात झोपतो म्हणाला. बारीक पाऊस होता, काकूंनी त्याला ओढून आत आणलं. "भिजशील, आत ये म्हणलं, बाई. मीच म्हणलं."

एवढं बोलून त्यांनी पापड उलटला. मी, जन्माची तोंडाळ बाई, नुसती पुढची लाटी त्यांच्याकडं सरकवली.

भूकंपापासून काकू पक्क्या छताखाली झोपत नव्हत्या. अप्पांचं घर सिमेंटचं, दोन मजली, आणि घरची मालकीण अंगणात, पत्र्याच्या सोप्यात. उन्हाळा असो, थंडी असो. आणि दुसरं म्हणजे तो आवाज. जमीन हलायच्या आधी खालून एक गुरगुर आली होती, म्हणायच्या. अप्पांचं विमान वरून गेलं की काकूंना तीच गुरगुर ऐकू यायची. नवऱ्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण अप्पा म्हणायचे, "अगं महादेवी, धोका जमिनीत हाय. तू तर बगितलीस जमीन. आभाळ कवा कुणाच्या अंगावर पडलंय का?" काकू म्हणायच्या, "ब्याडरी." घरात त्यांचं अधूनमधून कानडी चालायचं. नको हो, असा त्याचा अर्थ. तो एक शब्द मी भिंतीपलीकडून हजारदा ऐकला असेल. अप्पांनी त्यांचं सगळं ऐकलं, हे एक सोडून.

मग काकूंनी आपला बंदोबस्त केला. त्यांनी शेडपर्यंत जायचा पास काढून घेतला आणि दर खेपेला अप्पांबरोबर जाऊ लागल्या. अप्पा सीटवर बसले की त्या पदराखालून डबी काढायच्या, विभूती पाण्यात कालवायच्या, आणि तीन बोटांनी विमानाला पट्टे ओढायच्या. पंख्याला लावायचं नाही, काचेला लावायचं नाही, पंखांना लावायचं नाही, असं अप्पांनी बजावलेलं. म्हणून मग त्यांनी दाराच्या पुढची, नाकाच्या बाजूची मोकळी जागा निवडली. तिथं एक लहानशी चकचकीत चकती होती. काकूंना ती विमानाच्या कपाळासारखी वाटायची. अप्पा आतून हात जोडायचे आणि इंजिन चालू करायचे.

एका उन्हाळ्यात अप्पा सकाळी नांदेडला गेले, चहाला परत येतो म्हणाले. दुपारून एकदम आभाळ भरून आलं. वळवाचं वादळ. धूळ अशी की समोरचं लिंबाचं झाड दिसेना. अप्पांचा फोन लागेना. काकूंनी पाट उचलला आणि अंगणाच्या मधोमध नेऊन टाकला.

"अहो काकू, आत चला! फांदी पडंल डोक्यात!"

"आत न्हाई."

"मग सोप्यात तरी बसा."

"पत्रा वाजतोय बाई. आवाज ऐकू यायचा न्हाई."

डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या बसल्या. वीज कडाडली की डोळे मिटायच्या, परत उघडायच्या. रडल्या नाहीत. मी शेजारी उभी, केस उडालेले, तोंडात माती, आणि मनातल्या मनात अप्पांना अशा शिव्या देत होते की शाळेत कुणी ऐकल्या असत्या तर मला काढून टाकलं असतं. पाऊस आला, भिजलो. पाऊस गेला, तशाच बसून राहिलो. दिवेलागणीला शेवटी फोन वाजला.

"अगं, मी हितंच हाय नांदेडला. वादळ दिसलं, निघालोच न्हाई. फोन मेला होता."

एका डाळीच्या व्यापाऱ्याकडं बसून हा गृहस्थ धपाटे आणि दही खात होता! मी काकूंच्या हातातून फोन घेतला. "अप्पा, लाज वाटती का काही? हितं बाईचा जीव गेला असता!" पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात, "बाई, ती जेवली का?"

"तुम्ही पोचलाव हे कळल्याबिगर ती जेवती होय?"

तेव्हापासून नेम ठरला. चाकं टेकली की पहिलं काम, काकूंना एक मिस कॉल. बोलायचं नाही, उचलायचं नाही. तो वाजला की काकू ताट वाढून घेत. पण त्या वादळाचं भेव त्यांच्या अंगातून गेलं नाही. अप्पा परत आल्यावर त्या विमानाकडं बघून म्हणाल्या, "विभूती जाताना असती, येताना उडून गेलेली असती. मंग येताना तुमाला राखायला कोण?" अप्पा म्हणाले, "हाव, बगू." नेहमीसारखं.

त्या हिवाळ्यात नांदेडला माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. रस्ता सगळा खोदून ठेवलेला. अप्पा म्हणाले, "बाई, चला, संगं सोडतो." मी हात जोडले. मला गच्चीच्या कठड्याला टेकलं तरी गरगरतं. पण संध्याकाळी काकू आल्या, पायरीवर बसल्या. "जावा की बाई. दुसऱ्याचं माणूस संगं असलं की ते लई जपून चालवतेत." काय बोलणार? गेले. काकूंनी त्या दिवशी पट्टे ओढायला जास्तच वेळ घेतला. खाली वाकून, एकेक बोट दाबून. "आज दोघं हायेत," म्हणाल्या. अप्पांनी चपला काढून ठेवल्या. मीही काढल्या, म्हटलं कशाला विषाची परीक्षा.

उडालो. लातूर खाली सारवलेल्या अंगणासारखं दिसलं. मी डोळे मिटून पिशवीतली सुपारी काढली आणि अडकित्त्यानं कातरायला लागले. भीती वाटली की मला हाताला काम लागतं. अप्पा त्यांच्या मामाच्या गावचं काहीतरी सांगत होते. मग बोलता बोलता गप्प झाले. डोळे उघडून बघते तर समोरच्या एका घड्याळाला बोटानं टिचक्या मारून राहिलेत. मिलमधल्या वजनकाट्याला मारतात तशा.

"काय झालं?"

"न्हाई. काटा अडकला वाटतं."

खाली स्वच्छ दिसत होतं, शेतं, ऊस, रस्त्यावरच्या जीपा, तोवर मलाही काही वाटलं नाही. पण लोह्याच्या पुढं खालची जमीन हळूहळू पुसट व्हायला लागली. पाचट जाळल्याचा धूर आणि गोदावरीचं धुकं एकत्र झालेलं. मग खाली पांढरं, समोर पांढरं, मागंही पांढरं. अप्पांनी रेडिओवर नांदेडशी बोलायला सुरुवात केली. त्यांचं ते घासूनपुसून ठेवलेलं इंग्रजी. आवाज नीट होता. पण त्यांच्या मानेवरून घाम ओघळून विभूती काढल्यासारखी रेघ पडली होती, थंडीच्या दिवसात. त्यांच्या अनवाणी पायाची बोटं आखडलेली मला दिसली. मला कळलं की हा माणूस घाबरलाय. आणि अप्पा घाबरलेत हे कळल्यावर माझ्यात काही उरलं नाही.

"अप्पा, खरं सांगा."

"उंचीचा काटा लातूरलाच बसून हाय बाई. आपण आलो, त्यो आलाच न्हाई. निघालो तवा जमिनीवर जेवढा होता तेवढाच दावतोय. वेगाचा काटा पण खोटं बोलून राहिलाय."

जन्मभर मी पोरींना घोकून घेतलं होतं, लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात. लातूर उंच, नांदेड खोल. किती सोपा धडा! फळ्यावर रंगीत खडूनं काढायची मी. आता कळलं की काट्यात लातूरची जमीन अडकलीय आणि नांदेडची जमीन त्याच्या बरीच खाली आहे, आणि खालच्या पांढऱ्यात आमची पोटं आणि ती जमीन यांच्यामध्ये किती अंतर आहे, हे सांगणारं तिथं कुणीच नाही. मी मोठ्यांदा देवाचं नाव घ्यायला लागले. कुठल्या देवाचं, तेही आठवत नाही.

"बाई, रडू नका. तुमचा अडकित्ता द्या."

"काय?"

"अडकित्ता! ह्या सगळ्या काट्यांना बाहेरून एकाच नळीनं हवा येती. ती नळी बुजली. आता आतली हवा द्यायची. काच फोडतो."

मी अडकित्ता दिला. चढउतार दाखवणारं एक घड्याळ होतं, त्याच्या काचेवर त्यांनी अडकित्त्याच्या मुठीनं घाव घातला. एकदा, परत एकदा. काच फुटली. आणि शेजारचा उंचीचा तो मेला काटा एकदम जागा झाला आणि खाली सरकला. खाली, आणखी खाली. अप्पांच्या तोंडून "शिवा!" एवढंच निघालं. आम्ही हवेत होतो, आणि लातूरच्या जमिनीपेक्षा खाली आलो होतो. त्यांनी विमान वर ओढलं. मग पांढऱ्यात एक फट पडली, नदीचं पाणी चमकलं, आणि थोड्या वेळानं धावपट्टी दिसली. चाकं टेकली तेव्हा मी अप्पांचा दंड धरलेला होता, आणि सोडायचा कसा ते मला आठवेना.

खाली उतरल्यावर अप्पांनी पहिलं काम केलं, मिस कॉल. दुसरं, अनवाणी चालत विमानाच्या नाकाच्या बाजूला गेले. मी मागोमाग. विभूतीचे तीन पट्टे जसेच्या तसे, वाऱ्यानं एक कण उडालेला नाही. अप्पांनी नखानं खरवडून बघितलं. खपली निघाली, काचेसारखी कडक. त्याच्याखाली त्या चकतीत बारीक बारीक भोकं होती, सगळी बुजलेली. विमानाची हवा तिथूनच जात होती.

"डिंक," अप्पा म्हणाले. "पाण्यातली वाऱ्यानं उडून जायची. ही डिंकात कालवलीय तिनं. येताना पण टिकावी म्हणून."

मग ती खपली त्यांनी तळहातावर चुरली, कपाळाला लावली आणि माझ्याकडं वळले. "बाई, तुमच्या पाया पडतो. ह्ये तिला कळलं न्हाई पायजे. एक भाऊ तिनं आत घेतला म्हणून गेला, हेच तिला जड हाय. आता नवऱ्याचं कळलं तर ती जगायची न्हाई."

मी येताना एसटीनं आले. बारशातलं काय आठवत नाही, बाळाचं नावसुद्धा नंतर विचारावं लागलं. काकूंनी विचारलं, "कसं वाटलं बाई?" मी म्हटलं, "झोप लागली मला."

अप्पांनी पुष्कळ उपाय केले. एकदा सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "आज विभूती शेपटीकडं लाव की." काकूंचा हात जागच्या जागी थांबला. "का? हितं काय झालं? माझं काय चुकलं का?" त्यांचा चेहरा असा झाला की अप्पा म्हणाले, "कुठं काय, उगं म्हणलं." मग त्यांनी दुसरी रीत धरली. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत न्यायचं, इंजिन बंद करायचं, अनवाणी खाली उतरायचं, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि परत चढायचं. चोरासारखं. काही खेपा ते खपलं. एक दिवस काकू तारेच्या कुंपणापाशी थांबल्या आणि त्यांनी बघितलं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. काकूंचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "माझी विभूती पुसताव? कामून पुसताव?"

"रंग खराब होतो गं."

"रंग!"

त्यानंतर कितीतरी दिवस काकू बोलल्या नाहीत. ज्या माणसानं आपल्याला पत्र्याच्या शेडमधून उचलून घरात आणलं, त्याला आपल्या विभूतीपेक्षा विमानाचा रंग मोठा, असं त्यांच्या मनानं घेतलं. अप्पांनी ते घेऊ दिलं. मी त्यांना म्हटलं, "अप्पा, सांगून टाका. ही शिक्षा तुम्हाला कशाला?" तर म्हणाले, "रागावली तर रागावू द्या. राग उतरतो." आणि मग इकडं तिकडं बघून, "आन् खरं सांगू का बाई, मलाच भेव वाटून राहिलंय. त्या दिसापासनं शेजारच्या शीटवर येऊन बसलंय. उतर म्हणलं तर उतरत न्हाई."

पुढच्या महिन्यात त्यांनी विमान विकायला काढलं. लातूरला काय, निमित्तच हवं होतं. "काय अप्पा, फिटली का हौस?" "झेपलं न्हाई वाटतं!" लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात एका आडत्यानं तर चारचौघांत विचारलं, "शेवटी म्हशीच बऱ्या का न्हाई?" ज्याचा शब्द बाजारात चालतो असा हा माणूस, मान हलवून म्हणाला, "हाव. परवडना." माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. दात ओठ खाऊन गप्प बसले.

घ्यायला आलेला वैमानिक हैदराबादचा, कोवळा, नुकतं मिसरूड फुटलेला. मीही शेडवर गेले होते. अप्पांनी विमानाला एक फेरी मारली, पंखावरून हात फिरवला. तो मुलगा सीटवर बसला. आणि काकू पुढं झाल्या. आम्हाला वाटलं होतं त्या येणारच नाहीत. त्यांनी पदराखालून डबी काढली. "कुणाचं तरी लेकरू हाय," म्हणाल्या आणि तीन बोटं विभूतीत बुडवून सरळ त्या चकतीकडं नेली.

अप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

"तिथं नको."

"रंग आता तुमचा न्हाई," काकू म्हणाल्या.

"रंगाचं न्हाई गं. तिथं भोकं हायेत. विमानाची हवा तिथून जाती. बुजली की काटे आंधळे होतेत." अप्पांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच्या लेकरासाठी त्यांनी ते सांगितलं, स्वतःसाठी सांगितलं नव्हतं.

काकूंनी चकतीकडं बघितलं. मग आपल्या बोटांकडं. मग माझ्याकडं. मी मान फिरवली, आणि तेवढ्यानंच त्यांना सगळं कळलं असणार.

"तवा… बाई संगं होत्या तवा? मी डिंक घातला होता."

"हाव."

काकू मटकन खाली बसल्या. अप्पाही त्यांच्यासमोर मातीत बसले, पांढऱ्या धोतरानिशी, आणि काकूंचा विभूतीनं माखलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "महादेवी, हिकडं बग. मी आलो ना परत? बग की माझ्याकडं. आलो का न्हाई?"

तो मुलगा बिचारा काही न समजून आतून बघत होता. मग काकू उठल्या. अप्पांनी त्यांचा हात धरून शेपटीकडं नेला आणि दोघांनी मिळून तिथं तीन पट्टे ओढले. अप्पांनी मुलाला बजावलं, "पोचलास की ह्या नंबरावर मिस कॉल दे. इसरू नको." विमान उडालं. अप्पांच्या चपला पायातच होत्या.

अप्पांची माझ्या डोळ्यापुढं राहिलेली शेवटची छबी त्याच दिवसाची. त्यानंतर मी भाचीकडं पुण्याला गेले, आणि परत आले तोवर ते नव्हते. त्या दिवशी शेडवरून घरी आल्यावर मी सुपारी मागायच्या निमित्तानं भिंतीवरून डोकावले होते. अंगणाच्या मधोमध काकूंचा पाट, आणि त्यावर अप्पा बसलेले, अनवाणी. डाव्या तळहातावर फोन. दूर कुठंतरी एक ट्रक गुरगुरला तसे दचकले. शेजारी काकू उभ्या.

"खालून एवढं भेव वाटतं व्हय गं?" अप्पांनी विचारलं.

"वाटतं."

"मंग बोलली न्हाईस कवा?"

"बोलत होते की. ब्याडरी म्हणत होते."

अप्पा मान खाली घालून बसून राहिले. फोन एकदा वाजला आणि बंद झाला. तरी त्यांनी हात खाली केला नाही. काकूंनीच वाकून तो फोन त्यांच्या तळहातावरून उचलला.

"पोचला," त्या म्हणाल्या. "चला, जेवा आता."